गावातल्या पोरांच्या मनाचं काम करायचं, पण कोणावर शिक्का न मारता

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात एका संस्थेत नव्यानं कामाला लागलात, एका गावात तरुणांसाठी 'मानसिक आरोग्य तपासणी शिबिर' घेतलं, ग्रामपंचायतीसमोर मंडप टाकला, मोठं बॅनर लावलं, जिल्ह्याहून डॉक्टर बोलावले. म्हातारी माणसं बीपी-शुगर तपासून मिळेल म्हणून आली आणि तरुण पोरांपैकी फक्त एक आला, बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करणारा. आता त्याचे मित्र त्याला पागल म्हणून हाक मारतात आणि त्यानं ग्राउंडवर येणंच सोडलं. तुमचा प्रश्न असा की असं काही न होऊ देता पोरांपर्यंत पोचायचं कसं. मी वर्धा-यवतमाळ पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तो पोरगा. प्रोजेक्ट, पुढचा प्लॅन हे सगळं नंतर. एवढ्या गावासमोर, मित्र पाहत असताना, तो एकटा उठून त्या मंडपात आला म्हणजे त्याचा त्रास त्याच्या लाजेपेक्षा मोठा झाला होता. म्हणून त्याची भेट याच आठवड्यात व्हायला पाहिजे, पण संस्थेची गाडी घेऊन त्याच्या दारात जाऊ नका. आणि मित्रांना एकत्र बसवून 'कोणाला पागल म्हणू नये' असं भाषण तर बिलकुल देऊ नका, नाव कोणाचंही घेतलं नाही तरी सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळतील ते सांगायला नको. ग्राउंडवर पोरांना पळवणारा जो सिनियर असतो, किंवा भरती होऊन सुट्टीवर आलेला कोणी, ज्याचं सगळे ऐकतात, त्याला एकट्याला गाठा, आजाराबिजाराचं काही बोलू नका, एवढंच म्हणा की तो येत नाही आहे, तू जाऊन त्याला सोबत घेऊन ये आणि कोणी चिडवलं तर तिथल्या तिथं थांबव. असा एक जण बाजूनं उभा राहिला की चिडवणं बरंच कमी होते. तुम्ही स्वतः भेटाल तेव्हा दुसऱ्या कामानं भेटा, भरतीचा फॉर्म, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी, काहीही. मग एकांतात विचारा की त्या दिवशी तू आला होतास, नीट बोलणं झालं नसेल तर आता सांग. तो नाही म्हणाला तर नाही, ओढून काढू नका. पण जीव द्यायचे विचार येतात का हा एक प्रश्न मात्र त्याच भेटीत सरळ विचारा, कसा विचारायचा ते खाली लिहिते.

आता मूळ गोष्ट. पोरं शिबिराला आली नाहीत यात त्यांचं अज्ञान वगैरे काही नाही, त्यांनी अगदी बरोबर हिशोब केला. त्या मंडपात शिरणं म्हणजे उद्या सोयरीक मोडणं, भरतीत अडचण येणं, बापाला चार माणसांत खाली मान घालावी लागणं, असा तो हिशोब असतो. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आजही लोक पागलखाना चौकच म्हणतात, ऑटोवाल्याला तेच सांगितलं की कळते, इतकं ते मुरलेलं आहे. अशा ठिकाणी आपण 'मन' असं लिहिलेलं एक वेगळं दार उघडलं की त्यातून आत जाणारा प्रत्येक जण गावाला दिसतो. म्हणून माझं मत ठाम आहे, वेगळं दार उघडूच नका. पोरं ज्या दारांतून आधीच येतात-जातात तिथं आपण जाऊन बसायचं, सगळ्यांशी सारखंच वागायचं, आयुष्यात जे अडलंय त्याला आधी हात घालायचा, आणि खरोखर आजार असेल तर मात्र लपवाछपवी न करता सोबत जाऊन इलाज करून द्यायचा.

ही दारं गावागणिक बदलतात. आपल्याकडे पहाटे पाचला डांबरी रोडवर पळणारी पोरं हे सगळ्यात मोठं दार. मग अभ्यासिका, ग्रामपंचायतीची असो की कोणाच्या रिकाम्या खोलीतली. कबड्डीची टीम, गणपती-दुर्गा मंडळ, जिथं गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना अजून चालते तिथं ती. मुलींसाठी मानव विकासच्या, म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी असलेल्या सरकारी योजनेतल्या, निळ्या बसचा स्टॉप, शिवणक्लास, आणि कापूस वेचणीचा हंगाम. वेचणीत मुली-बायका ओळीनं चालतात, हात चालू असतात, कोणी कोणाच्या डोळ्यात पाहत नाही, आणि जे घरात तोंडातून निघत नाही ते तिथं निघते. मुलींचं सगळ्यात मोकळं बोलणं मी ऑफिसात नाही तर पऱ्हाटीच्या ओळीत ऐकलंय. सरकारी दार म्हणाल तर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी, त्यातलं मैत्री क्लिनिक मला या कामासाठी फार सोयीचं वाटते कारण तिथं पाळीचा त्रास, पिंपल्स, वजन, अशक्तपणा, सगळ्यालाच जाता येते, त्यामुळे कोण कशासाठी गेलं हे बाहेर बसलेल्याला कळत नाही. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात ते कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत चालते ते स्वतः जाऊन बघून या, कागदावर असणं आणि खोली उघडी असणं यात फरक असू शकतो.

ग्राउंडवरचं बोलणं कसं होते ते एक उदाहरण देते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. १६०० मीटरचं टायमिंग घेऊन झालं होतं, एक पोरगा बुटाची लेस सोडत कडेला बसला होता, मी बाजूला जाऊन बसले. म्हटलं, "काहून रे, आज टायमिंग उतरलं?" तो म्हणे, "पाय जड लागतात ताई." झोप होते का विचारलं. "झोपच लागत नाही, तीन वाजतात." तीन वाजेपर्यंत काय करतोस? "मोबाईल पाहतो. नाहीतं टिनाकडे पाहत रायतो." मग थोडा वेळ मी काहीच बोलले नाही, त्यानं दुसऱ्या बुटाची लेस सोडली आणि खाली पाहतच म्हणाला, "बापानं दीड एकर गहाण टाकलं ना अकॅडमीसाठी. यंदा नाही लागलो तं घरी काय तोंड दाखवू." मी विचारलं जेवण जाते का, म्हणे माय वाढते म्हणून खातो. आधी क्रिकेट खेळायचा, ते आता "मन नाही लागत."

बघा, झोप, भूक, मन न लागणं, अंग जड पडणं, स्वतःला कमी समजणं, डिप्रेशनच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये जे जे विचारतात त्यातलं बरंचसं या पाच मिनिटांत आलं आणि माझ्या हातात ना फॉर्म होता ना पेन. मी त्याला तिथं 'हे डिप्रेशन आहे' असं काही म्हटलं नाही. त्याचे शब्द होते मन नाही लागत, झोप नाही लागत, तर मीही तेच शब्द धरून बोलत राहिले. नाव द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, आपलं काम आहे किती दिवसांपासून आहे, रोजच्या कामात किती अडथळा आहे आणि धोका आहे का, एवढं समजून घेणं. दोन आठवड्यांहून जास्त असं रोज चालू असेल आणि पळणं, अभ्यास, शेतातलं काम सुटत चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली असं समजा.

आणि धोक्याचा प्रश्न. पुष्कळ कार्यकर्ते घाबरतात की आपण विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. तसं होत नाही, विचारल्यानं आत्महत्येचा विचार पेरला जात नाही हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय, उलट माणूस हलका होते की चला, कोणी तरी विचारलं. मी साध्या भाषेत विचारते, "एवढं टेन्शन असलं की काही जणांना वाटते आता जगूच नये. तुले कधी असं वाटते का?" हो म्हणाला तर पुढं विचारायचं की आजकाल वाटते का, कसं करायचं ते ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केला का. चेहरा घाबरा करायचा नाही, "असं बोलू नये, मायबापाचा विचार कर" असं तर बिलकुल म्हणायचं नाही, त्यानं दार तिथंच बंद होते. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याला सांगून घरातल्या एका भरवशाच्या माणसाला सामील करा, आणि त्याच दिवशी दवाखाना. आपल्या भागात अजून एक गोष्ट फार महत्त्वाची, फवारणीचं औषध. घरोघरी ते कोनाड्यात, खाटेखाली, दाराच्या मागं पडलेलं असते. राग किंवा निराशेची ती एक लाट असते, काही मिनिटांची, काही तासांची, तेवढ्यात हाताशी काही नसलं तर पुष्कळ जीव वाचतात, म्हणून औषध कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे. हे एकाच घरी जाऊन सांगितलं तर त्या घरावर बोट येते, म्हणून मी पेरणीच्या आधी बचत गटाच्या मीटिंगमध्ये सगळ्याच बायांना सांगते, लहान लेकरं आणि जनावरांच्या निमित्तानं, ज्या घराला गरज आहे तिथंही आपोआप पोचते.

टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, तिचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. हा नंबर सगळ्यांना द्या, अभ्यासिकेच्या भिंतीवर भरतीच्या वेळापत्रकाच्या बाजूला लावा, कोण्या एकाच्या हातात चिठ्ठी करून देऊ नका. घरात एकच मोबाईल असतो तिथं मुलींना हेही सांगा की फोन झाल्यावर यादीतून नंबर काढून टाकता येतो. १८ च्या आतल्यांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाईन आहेच.

तुमच्या वरिष्ठांना हे पटवून द्यायला काही आधार लागेल, तर तो आपल्याच भागातला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आले. गावातलेच कार्यकर्ते लोकांत मिसळून बोलायचे, साधा त्रास असेल तर तिथंच आधार द्यायचे, जास्त असेल तर प्रशिक्षित समुपदेशक आणि त्यापुढं डॉक्टर. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, मोठं हॉस्पिटल न बांधता. शाळांसाठी बिहारमधला 'सेहर' अभ्यास बघा, नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत झालेला, २०१८ साली लॅन्सेटमध्ये आला. तिथं आजारी मुलं हुडकून बाजूला काढली नाहीत, अख्ख्या शाळेचं वातावरण बदलायचं काम केलं, भित्तिपत्रक, चिठ्ठी टाकायची पेटी, गटचर्चा, आणि ज्याला हवं त्याला एकट्यानं बोलायची सोय. गंमत अशी की हेच काम बाहेरून आलेल्या साध्या प्रशिक्षित समुपदेशकानं केलं तिथं मुलांची उदासी आणि मारहाण-चिडवणं चांगलंच कमी झालं, शिक्षकांनी केलं तिथं जवळपास काहीच फरक पडला नाही. मला त्याचं कारण आपल्या शाळा पाहून असं वाटते की ज्याच्या हातात मार्क आणि छडी आहे त्याला पोरगं मनातलं सांगत नाही. शिक्षकांना दोष देत नाही, त्यांच्यावर आधीच पन्नास कामं आहेत. आणि हे सगळं शाळा-कॉलेजच्या वयातच का, तर जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी केली तेव्हा दिसलं की मनाच्या आजारांपैकी जवळपास निम्मे १८ व्या वर्षाच्या आत सुरू होतात, आणि आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत हे प्रमाण ७.३ टक्के होतं. पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार जण म्हणा.

आता शिक्का आपल्याच हातानं कसा बसतो ते बघा, कारण चिडवणाऱ्या पोरांपेक्षा आपल्या योजनाच जास्त शिक्के मारतात असं माझं मत झालंय. एका शाळेत २६ जानेवारीच्या कार्यक्रमात सायकल वाटप होतं. माईकवरून नाव पुकारलं, "आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील कन्या, कुमारी अमुक." नववीतली मुलगी. ती स्टेजवर गेली, हँडलला अजून प्लास्टिक गुंडाळलेलं, एका बाजूला सरपंच, एका बाजूला देणगीदार, फोटो काढणाऱ्यानं तिला दोनदा "इकडे बघ, हास" म्हटलं. त्या दिवसापर्यंत वर्गातल्या अर्ध्या मुलींना तिचे वडील कसे गेले हे माहीतच नव्हतं. सायकल घरी पडून राहिली, ती पायीच यायची. आम्ही नंतर त्या शाळेसोबत बसलो आणि पुढच्या वर्षी निकष बदलून घेतला, तीन किलोमीटरच्या पलीकडून येणाऱ्या सगळ्या मुली, बाकी काही नाही. यादीत ज्या मुलींना द्यायचं होतं त्या जवळपास सगळ्या आपोआप आल्या, स्टेज नाही, माईक नाही, शनिवारी शाळा सुटल्यावर सायकली घेऊन गेल्या. निकष असा शोधायचा की ज्याला गरज आहे तो त्यात येईल पण त्याची जखम त्या निकषाच्या नावात लिहिलेली नसेल.

या घरांतल्या पोरांचं अजून एक दुखणं आहे जे काउन्सेलिंगच्या पुस्तकात सापडणार नाही. शेतकरी आत्महत्येची मदत एक लाख रुपये, २००६ पासून तीच, ३० हजार रोख आणि ७० हजार खात्यात ठेव, आणि त्यासाठी प्रकरण पात्र की अपात्र हे समिती ठरवते. अपात्र झालं की गाव म्हणते दारूनं मेला, घरच्या भांडणानं मेला. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं हे ऐकत मोठं होते, म्हणजे बाप तर गेलाच, वर त्याचं मरणही खोटं ठरलं. अशा पोराशी बोलताना बापाच्या मरणाचं कारण शोधत बसू नका, बाप कसा होता ते विचारा, बैल कसे जपायचा, कोणती भाजी आवडायची, बाजारातून काय आणायचा. आणि कागदाचं काम करा. बालसंगोपन योजनेतून एक पालक गमावलेल्या मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात आणि त्याला ते पात्र-अपात्र लागत नाही, महिला व बालविकास कार्यालयातून होते. आईची संजय गांधी निराधार, पोराची महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, सातबाऱ्यावर वारसाची नोंद, हे सगळं मनाच्या आरोग्याचंच काम आहे. ज्या पोराला झोप सावकाराच्या तगाद्यानं लागत नाही त्याला आपण नुसते श्वासाचे व्यायाम शिकवून आलो तर तो पुन्हा आपल्याशी कशाला बोलेल.

रजिस्टरचं सांगते. तुमच्या संस्थेचं भेटीचं रजिस्टर काढून बघा, 'समस्या' असा रकाना असेल, त्यात 'नैराश्य', 'आत्महत्येचा विचार', 'प्रेमप्रकरण' असं नावापुढं लिहिलेलं असेल, आणि ते रजिस्टर अंगणवाडीच्या टेबलावर उघडं पडलेलं असेल. नावाऐवजी नंबर टाका, नंबर-नावाची यादी वेगळ्या वहीत आणि ती वही तुमच्याच पिशवीत. व्हॉट्सअॅपवर आशाताई, सरपंच, कोतवाल सगळे असलेल्या ग्रुपमध्ये 'अमुकच्या मुलाला जरा बघून घ्या' असा एकही मेसेज जाऊ देऊ नका. गाडी ग्रामपंचायतीजवळ ठेवा, त्या गल्लीतली चार-पाच घरं करा, एकच घर करून निघू नका. फोटो तर नकोच, फंड देणाऱ्यांना लागत असेल तर ग्राउंडचा लांबून घ्या, चेहरे दिसायला नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयता हा हक्कच आहे, आणि कलम २४ नुसार इलाज घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. मात्र पोराला सुरुवातीलाच सांगून ठेवा की दोन गोष्टी मी माझ्यापाशी ठेवू शकणार नाही, एक जिवाला धोका असेल तर, आणि दुसरं १८ च्या आतल्या कोणावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर, कारण पोक्सोमध्ये कळवणं बंधनकारक आहे. आधी सांगितलं तर विश्वास टिकतो, नंतर कळलं तर कायमचा जातो.

इथं एक सावध करते. शिक्का नको म्हणता म्हणता काही कार्यकर्ते दुसऱ्या टोकाला जातात, सगळंच टेन्शन म्हणून चालवून नेतात. सगळं टेन्शन नसते. पोरगा एकटाच बोलतोय, लोक माझ्यावर पाळत ठेवतात म्हणतोय, आंघोळ सोडली, रात्र-रात्र फिरतोय, कानात आवाज येतात म्हणतोय, तर तिथं ग्राउंडवरच्या गप्पांनी भागणार नाही, लवकरात लवकर मनोविकार तज्ज्ञ. या आजारात इलाजाला जेवढा उशीर तेवढं परत उभं राहणं कठीण जाते. अशा वेळी घरच्यांना नीट सांगा की मेंदूचा आजार आहे, औषध आहे, पुष्कळ लोक बरे होऊन कामधंदा करतात. जिल्हा रुग्णालय, यवतमाळचं शासकीय मेडिकल कॉलेज, वर्ध्याजवळची सेवाग्राम नाहीतर सावंगीची मेडिकल कॉलेजं, जे जवळ पडेल ते. आणि चिठ्ठी देऊन पाठवू नका, पहिल्यांदा सोबत जा. पहिली एसटी, केस पेपर, कोणत्या लाईनीत उभं राहायचं, डॉक्टरांसमोर काय सांगायचं, यातच माणसं अर्ध्या रस्त्यातून परत येतात. डिप्रेशनच्या गोळ्यांचा असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात हे आधीच सांगा, नाहीतर आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करतात, आणि बरं वाटायला लागलं की "आता कशाला" म्हणून बंद करतात. गोळी किती दिवस हे डॉक्टर ठरवतील, मनानं तोडायची नाही.

देवर्षी, भगत, मेळघाटात भुमका, म्हणजे अंगारा-मंत्र करणारे, यांच्याशी भांडू नका. घरची माणसं आधी तिथंच जाणार, तुम्ही 'अंधश्रद्धा' म्हटलं की तुम्हाला दार बंद. मी म्हणते, तुमची श्रद्धा आहे तर जा, अंगारा लावा, पण गोळी पण चालू राहू द्या. बहुतेक घरं मानतात. हां, पण मारणं, चटके देणं, साखळीनं बांधणं, उपाशी ठेवणं सुरू झालं तर तिथं गोडीगुलाबी नाही, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि पोलिसांत जायचं.

पोलिसांवरून आठवलं, घरच्यांची अजून एक भीती असते की पोरानं काही केलं आणि दवाखान्यात नेलं तर केस होईल, आणि त्या भीतीनं मोलाचा वेळ जातो. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला त्यासाठी शिक्षा करायची नाही, आणि जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत तसं राहिलेलंच नाही. दवाखान्यातून पोलिसांना कळवतात, जबाब होतो, पण ते पोराला गुन्हेगार ठरवायला नसते. हे गावातल्या पोलीस पाटलालाही समजावून ठेवा. भरतीवाल्या पोरांची भीती वेगळी, की एकदा मनाच्या डॉक्टरकडं गेलो तर रेकॉर्ड लागेल. त्यांना खोटे दिलासे देऊ नका, भरतीत मेडिकल असते हे त्यांना माहीत आहे. एवढं खरं सांगा की ओपीडीचा कागद आपोआप कोणत्या भरतीच्या ऑफिसात जात नाही, जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे कायद्यातले अपवाद सोडले तर तुझी माहिती तुझ्या परवानगीशिवाय डॉक्टर बाहेर कोणाला देऊ शकत नाहीत, आणि झोप न होता १६०० मीटर निघत नाही हे तर तूच पाहतो आहेस.

गावाची नजर बदलायची असेल तर पोस्टरपेक्षा एक माणूस जास्त काम करतो, असा माणूस ज्यानं इलाज घेतला आणि आज ट्रॅक्टर चालवतो, दुकान चालवतो, आणि स्वतःच्या मनानं सांगायला तयार आहे. ज्याला त्रास झाला त्याच्याशी प्रत्यक्ष ओळख होणं हा शिक्का पुसायचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे, लॅन्सेटनं मनाच्या आजारांवरच्या शिक्क्याबद्दल नेमलेल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या कमिशननंही हेच म्हटलंय. पण त्याला स्टेजवर उभं करू नका, 'रुग्णाचे मनोगत' वगैरे नको. पोरांत बसून बोलता बोलता तो स्वतः सांगेल तेव्हा सांगेल. आणि नंतर त्याला सोडून देऊ नका, सांगितल्यावर त्या रात्री त्याला कसं वाटलं ते दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, आणि दारूबद्दल थोडंच लिहिते कारण तो वेगळा मोठा विषय आहे. पोरगं खर्रा खाते म्हणून त्याला गटातून काढू नका, आधी कशासाठी खाते ते ऐका, पुष्कळदा भूक मारायला किंवा रात्रीच्या जागरणाला असते.

शेवटी तुमचा रिपोर्ट. मला माहीत आहे, शिबिर घेतलं की 'लाभार्थी १२०' असं लिहिता येते आणि पऱ्हाटीच्या ओळीत बसून काय लिहायचं हा प्रश्न पडतो. वरच्यांना आधीच विचारून रकाने बदलून घ्या. किती पोरांशी तीनपेक्षा जास्त वेळा बोलणं झालं, त्यातले किती स्वतःहून परत आले, किती जणांना सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवलं, त्यातल्या किती जणांची गोळी तीन महिन्यांनंतरही चालू आहे, किती घरांत फवारणीचं औषध कुलपात गेलं, किती मुलांचं बालसंगोपन मंजूर झालं. आमच्या फंड देणाऱ्यांनी पहिल्यांदा कुरकुर केली, पण आकडे खरे आहेत म्हटल्यावर मानलं. आणि कामाचे महिने हंगाम पाहून ठरवा, बारावीचा निकाल, भरतीची यादी लागायचे दिवस, पेरणीचं कर्ज, सोयाबीनचा भाव पडायचे दिवस, तेव्हा गावात तुम्ही हजर पाहिजे, मार्चमधला निधी संपवायला नको. रिपोर्टचा कोरा नमुना आमच्याकडे मराठीतच तयार आहे, हवा असेल तर सांगा, पाठवते.